जुना ट्रॅक्टर घेतला, बॅटरी नवी टाकली, तरी सेल्फ उचलत नाही

बांधकरी

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर एक जुना ट्रॅक्टर घेतलाय. २०१० चं मॉडेल, ३९ एचपी, तीन सिलिंडर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दोष कंपनीचा वाटत नाही, मधल्या मालकांच्या हातून वायरिंगवर बरंच काम झालेलं दिसतंय. इंजिन एक नंबर आहे. धूर नाही, ऑइल खात नाही, रोटाव्हेटर दिवसभर ओढतो. हायड्रॉलिक पण चांगलं. त्रास फक्त करंटचा.

काय काय होतं ते सांगतो. सकाळी चावी फिरवली की सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) एखादा फेरा मारतो आणि घूं करून बसतो. कधी नुसतंच टक होतं. ढकलला तर मात्र लगेच सुरू होतो. रात्री लाईट पिवळ्या पडतात, रेस दिली तरी उजेड वाढत नाही. हॉर्न दाबला की टेंपरेचरचा काटा उडी मारतो. आणि दोन-चार दिवस उभा राहिला की बॅटरी पार बसलेली असते.

गावातल्या मेकॅनिकनं बॅटरी बदलायला सांगितली, बदलली. ८८ एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीची साठवण) नवी टाकली. थोडे दिवस बरं चाललं, आता परत तेच. आता म्हणतोय सेल्फ नवा टाका, त्यानंही नाही झालं तर डायनमो. एवढा खर्च करायच्या आधी इथल्या जाणकारांना विचारावं म्हटलं. ऊसतोड चालू आहे, भरलेली ट्रॉली रानात उभी असताना ढकलायला माणसं कुठून आणणार? मल्टिमीटर आहे माझ्याकडे, वापरताही येतो. तालुका माळशिरस.

शिवारफेरी

नवी बॅटरी पण बसतेय म्हणजे डायनमो चार्जिंग करत नाही. आधी डायनमो उतरवून दाखवा.

ऊसवाहक

आमच्या ट्रॅक्टरचा सेल्फ असाच करायचा. उतरवून कार्बन (ब्रश) आणि बुश नवे टाकले, आर्मेचर (आतला फिरणारा भाग) लेथवर साफ करून घेतलं, झालं काम. पूर्ण नवा सेल्फ घेऊ नका दादा, ओव्हरहॉल निम्म्याहून कमी पैशात होतो.

कापूसवेचा

बांधकरी भाऊ, एक पाहून घेजा. क्लचच्या पायडलखाली सेफ्टी स्विच राहते. क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फला करंट जात नाही. आमच्या इकडे त्या स्विचमध्ये माती बसली की चावी कितीही फिरवा, काहीच होत नाही.

डायनमोवाला

बांधकरी दादा, जरा थांबा. अजून एक रुपयाही खर्च करू नका.

माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे आणि कामं जास्त ट्रॅक्टरचीच येतात. तुम्ही लिहिलंय त्यात मला महत्त्वाचा वाटला तो हॉर्न आणि काटा. हॉर्न दाबल्यावर टेंपरेचरचा काटा हलायचं काही कारण नाही. दोघांचा संबंध एकाच ठिकाणी येतो, तो म्हणजे अर्थिंग. हॉर्नच्या करंटला परत जायला सरळ वाट मिळत नसेल तर तो मिळेल त्या वाटेनं जातो आणि वाटेत टेंपरेचरच्या मीटरचा काटा हलवून जातो.

सेल्फनं टक केलं म्हणजे सेल्फ गेला असं नसतं. आवाज नीट ऐका. भराभर टकटकटक वाजत असेल तर सोलेनाईड (सेल्फला जाड करंट जोडणारा चुंबकी स्विच) ओढतोय, सोडतोय. म्हणजे जोर लागला की व्होल्टेज पडतंय. एकच ठोस टक होऊन पुढं शांत असेल तर सोलेनाईडमधले तांब्याचे संपर्क जळालेत किंवा सेल्फ अडकलाय. काहीच आवाज नसेल तर कापूसवेचा म्हणतात तो सेफ्टी स्विच, चावीचा स्विच किंवा बारीक वायर तुटलेली. तुमचा सेल्फ एक फेरा मारतो, म्हणजे चावी आणि सेफ्टी स्विच ठीक आहेत.

आता मोजमाप. ट्रॅक्टर बंद असताना बॅटरी मोजून साडेबारा दिसले की सगळे बॅटरी ओके म्हणतात. करंट वाहत नसतो तेव्हा गंजलेला बोल्टसुद्धा मीटरला चांगलाच दिसतो. दोष कळतो तो सेल्फ मारतानाच. सेल्फ दोनशे अँपिअरच्या आसपास ओढतो. वाटेत कुठं एका ओहमचा शंभरावा भाग जरी अडथळा असला तरी दोनशे अँपिअरला तिथंच दोन व्होल्ट जातात. बारातले दोन गेले की सेल्फचा जोरच निघून जातो.

गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. इंजिन बंद करायची स्टॉपची केबल ओढून धरायला एक माणूस बसवा, म्हणजे इंजिन नुसतं फिरेल, सुरू होणार नाही. मीटर डीसी वीस व्होल्टवर. मग सेल्फ मारताना ही तीन मापं घ्या:

एक, बॅटरीच्या दोन खुंट्यांमध्ये. क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खुंट्यावरच काडी टेकवा. ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी कमजोर.

दोन, लाल काडी इंजिनच्या उघड्या लोखंडावर, काळी बॅटरीच्या मायनस खुंट्यावर. अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे. चांगल्या ट्रॅक्टरला ०.२ येतात.

तीन, लाल काडी बॅटरीच्या प्लस खुंट्यावर, काळी सेल्फवर जाड वायर येते त्या बोल्टवर. हेही अर्ध्याच्या आत.

आणि अजून एक. चार-पाच वेळा सेल्फ मारून झाल्यावर स्टॉपच्या केबलला हात लावून बघा, गरम लागते का. आणि बॅटरीची मायनस वायर नेमकी कुठं जोडलीय ते लिहा.

तीन_फेज

डायनमोवाला काकांनी सांगितलं तो क्रम बरोबर आहे. मी आयटीआयला शिकवतो. पोरं येतात तेव्हा त्यांच्या डोक्यात एकच असतं, वायर तुटली किंवा नाही तुटली. मधली अवस्था असते, आणि शेतावरच्या गाड्यांमध्ये तीच जास्त असते. दहा पदरांच्या वायरचे आठ पदर तुटलेत, दोन शाबूत आहेत. टेस्टिंग बल्ब त्या दोन पदरांवर लख्ख पेटतो, कारण बल्बला करंट लागतो थोडा. सेल्फला लागतो ढीगभर. म्हणून बल्ब पेटला म्हणजे लाईन बरोबर, असं कधी धरू नका.

बांधकरी

काका, मापं घेतली. पुतण्याला वर बसवलं होतं.

खुंट्यांमध्ये ११.४. इंजिन ते मायनस खुंटा ३.६. प्लस ते सेल्फ ०.३.

स्टॉपची केबल चटका बसेल इतकी गरम! नॉबजवळचं प्लॅस्टिक आधीपासूनच सुरकुतलेलं आणि तपकिरी झालेलं आहे. सेल्फ मारताना अधूनमधून जळका वास यायचा, तो कुठून येतो ते आज कळलं.

बॅटरी मूळ जागी नाहीये. बोनेटखाली पुढं असते ती काढून उजव्या फूटबोर्डावर पत्र्याची पेटी वेल्ड केलीय, तिथं ठेवलीय. बहुतेक आधीच्या मालकाला मोठी बॅटरी बसवायची होती. मायनसची वायर त्याच पेटीच्या बोल्टला आवळलीय. बोल्टखाली रंग आणि गंज दोन्ही. फूटबोर्ड खाली रबरी बुशवर बसलाय.

डायनमोवाला

सापडलं.

आकडे नीट वाचा. सेल्फ मारताना बॅटरी ११.४ वर टिकून आहे, म्हणजे बॅटरीवर खरा जोर आलाच नाही. ती आजारी असती तर नऊ-दहावर आली असती. वाटेत मायनसच्या बाजूला ३.६ गेले, प्लसच्या बाजूला ०.३. सेल्फच्या वाट्याला उरले साडेसात. साडेसात व्होल्टवर कुठलाच सेल्फ डिझेल इंजिन फिरवणार नाही, नवा कोरा आणून लावला तरी नाही.

सेल्फचं मायनस म्हणजे इंजिनचं अंग. तिथून करंट बॅटरीकडे परत जायला हवा. तुमच्याकडे बॅटरी फूटबोर्डावर, फूटबोर्ड रबरावर, बोल्टखाली रंग. करंटला वाट राहिली ती कुठली? इंजिनवरच्या डिझेल पंपाकडून स्टॉपच्या केबलनं वर डॅशबोर्डला, डॅशबोर्डच्या पत्र्यावरून खाली फूटबोर्डला, तिथून बॅटरीला. स्टॉपची केबल सेल्फची अर्थिंग म्हणून काम करत होती. म्हणून ती तापते. ही केबल एखाद दिवशी आतून चिकटली तर इंजिन बंदच होणार नाही, ते उतारावर भरल्या ट्रॉलीसकट झालं तर अवघड आहे. तेव्हा केबल पण बदलून टाका, स्वस्त असते.

काम असं करा. पन्नास स्क्वेअर एमएमची तांब्याची बॅटरी केबल घ्या, निदान पस्तीसची तरी. दुकानात टोक कापून बघून घ्या. वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम अशी केबल सर्रास विकतात, ती ट्रॅक्टरला चालत नाही. दोन्ही टोकांना लग (बोल्टला बसणारी धातूची कडी) दाबून घ्या, हातोडीनं ठोकून नाही, क्रिंपरनं. एक टोक थेट बॅटरीच्या मायनसला, दुसरं सेल्फ ज्या बोल्टनं हाउसिंगला बसलाय त्याच बोल्टखाली. तिथला रंग पॉलिश पेपरनं चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, दात असलेला वॉशर टाका, आवळल्यावर वरून ग्रीस लावा. ग्रीस आधी नाही, नंतर.

शिवाय चार स्क्वेअर एमएमची एक वायर डॅशबोर्डच्या मागून मीटरच्या अर्थ बोल्टपासून इंजिनपर्यंत ओढा. हॉर्न आणि काट्याचं दुखणं तिथं संपेल.

वायर काढताना पहिली मायनस काढायची, जोडताना मायनस शेवटी जोडायची. पाना प्लसवर असताना दुसरीकडे लोखंडाला लागला तर ठिणगी उडते, आणि बॅटरीवर चार्जिंगचा गॅस असतो. त्या गॅसनं बॅटरी फुटते, ॲसिड थेट डोळ्यांत.

शेतकरीण

मी रेणापूरकडची. फार उपयोगी धागा चाललाय, म्हणून माझंही थोडं लिहिते. आमच्याकडे ट्रॅक्टर सोयाबीनच्या पोत्यांशेजारी शेडमध्ये उभा असतो, पावसाळ्यात उंदरं डॅशबोर्डमागची वायर कुरतडतात. मागच्या लाईट गेल्या तेव्हा बल्ब बदलत बसले होते घरातले. शेवटी वायरिंगचा गुंडाळा उघडला तर आत तीन वायरींचं प्लॅस्टिकच नव्हतं, उघडं तांबं एकमेकांना टेकलेलं. आता आम्ही उभा करताना बोनेट उघडं ठेवतो. उंदराला अंधार आणि ऊब लागते, उघड्या जागेत ती बसत नाहीत.

दुसरं, फ्यूजचं. शेजारच्यांच्या ट्रॅक्टरला फ्यूज सारखा जायचा म्हणून त्याजागी तांब्याची तार बसवली होती. पुढचा शॉर्ट झाला तेव्हा फ्यूज नव्हता, मग अख्खं वायरिंग जळलं, आणि रानात पाचट होतं. माणूस वाचला, पण ट्रॅक्टरचा पुढचा भाग गेला. फ्यूज सारखा जात असेल तर तो काहीतरी सांगतोय. त्याचं तोंड बंद करू नका.

तीन_फेज

ताई, अगदी बरोबर. त्यात भर एवढीच की फ्यूज वायरच्या जाडीप्रमाणे टाकायचा असतो. दहा अँपिअरचा जातो म्हणून तीसचा टाकला तर आधी वायर तापते, मग फ्यूज. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेले फ्यूज मी अजूनही बघतो. जुना ट्रॅक्टर घ्यायला गेलात तर पहिल्यांदा फ्यूज बॉक्सचं झाकण उघडून बघा. आतल्या फ्यूजवरून कळतं की आधीच्या मालकानं वायरिंग कसं सांभाळलंय.

बांधकरी

केबल टाकली. काका, कमाल झाली. मायनसचं माप ३.६ वरून ०.२ वर आलं. सेल्फ असा फिरतो की पुतण्या दचकला. स्टॉपची केबल थंड. हॉर्न दाबला तर काटा जागचा हलत नाही.

पण चालू इंजिनवर बॅटरी मोजली तर १२.५, रेस दिली तरी तेवढीच. आणि डायनमोची लाल लाईट चावी चालू केल्यावर नीट पेटत नाही, अगदी मंद. आधी वाटायचं ती लाल दिसत नाही म्हणजे चार्जिंग चालू आहे.

शिवारफेरी

मी म्हटलंच होतं डायनमो. उतरवा तो.

डायनमोवाला

शिवारफेरी साहेब, तुमचा अंदाज त्या दिशेला बरोबर होता. पण उतरवायच्या आधी ती लाल लाईट बघायला पाहिजे.

आजकालच्या डायनमोला, म्हणजे अल्टरनेटरला, सुरुवातीला जागं करायला थोडा करंट बाहेरून द्यावा लागतो. तो करंट चावीकडून या लाल बल्बमधून जातो. बल्ब आधी पेटतो, इंजिन सुरू झालं की डायनमो स्वतः करंट तयार करू लागतो आणि बल्ब विझतो. म्हणून नियम असा, चावी चालू आणि इंजिन बंद असताना लाल लाईट ठळक पेटलीच पाहिजे. नाही पेटली तर बल्ब उडालाय, वायर तुटलीय किंवा डायनमोतले कार्बन झिजलेत.

तुमच्या डॅशबोर्डच्या मीटरमध्ये साधा दोन-तीन वॅटचा बल्ब आहे की एलईडी टाकलीय, ते मागून काढून बघा. मंद म्हणताय म्हणून विचारतोय.

बांधकरी

एलईडीच आहे! डॅशबोर्डच्या सगळ्या होल्डरला निळसर एलईडी बसवल्यात आधीच्या मालकानं.

डायनमोवाला

मग तेच. एलईडीतून काही मिलिअँपिअर जातात, तेवढ्यानं डायनमो जागा होत नाही. त्या एका होल्डरला जुना तारेचा बल्ब टाका. बाकीच्या ठिकाणी एलईडी राहिली तरी चालते, तिथं अडचण नाही.

बल्ब टाकून इंजिन सुरू करा, मध्यम रेसला बॅटरीवर १३.८ ते १४.५ आले पाहिजेत. पंधराच्या वर गेले तर डायनमोचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेलाय, बॅटरी उकळेल. चौदाच्या आसपास येऊन लाईट लावल्यावर बाराला पडले तर बेल्ट ढिला आहे. अंगठ्यानं दाबून अर्धा इंच दबायला हवा.

एक सांगून ठेवतो. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून डायनमो तपासायची पद्धत गावोगावी आहे. वायर काढली आणि इंजिन चालू राहिलं तर डायनमो चांगला, असं म्हणतात. असलं जुनं डिझेल इंजिन तसंही बॅटरीशिवाय चालतंच, त्यात डायनमोचा काय संबंध? आणि वायर काढल्या क्षणी व्होल्टेज उसळतं, त्यात डायनमोचे डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारे भाग) जातात. चांगला डायनमो त्या तपासणीतच मरतो. कुणी करत असेल तर हात धरा.

द्राक्षबाग_निफाड

मध्येच विचारतो, नवा धागा काढत नाही. आमच्याकडे थंडीत पहाटे फवारणीला ट्रॅक्टर काढायचा म्हटलं की सेल्फ जड. ऊन वर आलं की ठणठणीत. वर दिलेली तीन मापं मीही घेतली. खुंट्यांमध्ये ८.९, मायनस बाजू ०.२, प्लस बाजू ०.३. मलाही अर्थिंगच बदलावी लागेल का?

तीन_फेज

नाही दादा. तुमचे आकडे उलटे आहेत. दोन्ही बाजूंच्या वायरी उत्तम आहेत, बॅटरीच खाली बसतेय. निफाडला पारा बऱ्याचदा महाराष्ट्रात सगळ्यात खाली जातो. थंडीत बॅटरीचा जोर कमी होतो आणि ऑइल घट्ट झाल्यामुळं सेल्फला ताकद मात्र जास्त लागते.

बॅटरी जुन्या पद्धतीची, सहा झाकणांची असेल तर हायड्रोमीटर (बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजायची नळी) आणा, पंपावर किंवा बॅटरीवाल्याकडे असतो. बॅटरी पूर्ण चार्ज करून, थोडा वेळ ठेवून एकेका सेलचं पाणी ओढून बघा. १.२५० ते १.२८० यावं. आकडा किती आला यापेक्षा सेलासेलांत फरक किती आहे ते बघा. पाच सेल १.२६० दाखवताहेत आणि एक १.१५० वर अडकलाय, तर तो सेल गेला. कितीही चार्ज केलं तरी ती बॅटरी पहाटे साथ देणार नाही. सगळेच १.२०० च्या आसपास असतील तर ती उपाशी आहे, चार्जिंग तपासा.

आणि बॅटरीत फक्त डिस्टिल वॉटर. बोअरचं पाणी घालू नका, त्यातल्या क्षारांनी प्लेटा लवकर खराब होतात. ॲसिड तर वरून कधीच घालायचं नाही.

द्राक्षबाग_निफाड

तपासलं. चौथा सेल १.१६०, बाकी १.२६० च्या पुढे. बॅटरी वॉरंटीत आहे, दाखवतो. आभारी आहे.

बांधकरी

तारेचा बल्ब टाकला. चावी चालू केली की लाल लख्ख पेटते, इंजिन सुरू झालं की विझते. मीटरवर १४.१. रात्री लाईट पांढऱ्या शुभ्र. सेल्फही नवा लागला नाही, डायनमोही नाही.

आता राहिलं एकच. उभा ठेवला की बॅटरी उतरते. दोन रात्री ठेवून बघितलं, सकाळी १२.३ वर होती.

डायनमोवाला

आता गळती शोधायची. चावी बंद, सगळं बंद. मीटरची लाल काडी दहा अँपिअरच्या भोकात घाला. बॅटरीची मायनस केबल काढून केबल आणि खुंटा यांच्यामध्ये मीटर लावा. चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. तुमच्या ट्रॅक्टरला कॉम्प्युटर नाही, म्हणजे आकडा जवळपास शून्य यायला हवा.

आकडा आला तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडला, गळती त्या लाईनवर. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला तर दोन जागा उरतात. एक डायनमोची जाड वायर, ती सोडून बघा. डायोड गळत असेल तर ट्रॅक्टर रात्रभर उभा असूनही सकाळी डायनमो हाताला कोमट लागतो. दुसरी जागा म्हणजे कुणी बॅटरीवरून परस्पर ओढलेली वायर.

बांधकरी

०.४१ अँपिअर. सगळे फ्यूज काढले, आकडा तोच. डायनमोची वायर सोडली, तरी तोच. मग बॅटरीच्या प्लसवरच्या वायरी एकेक करून सोडल्या. क्लॅम्पवर जाड वायरीबरोबर एक लाल वायर होती, ती सीटखाली जाते. तिथं टेपचा ॲम्प्लिफायर आहे. स्पीकर काढून नेलेत, ॲम्प्लिफायर तसाच ठेवलाय. ती वायर सोडली आणि मीटर शून्यावर आला.

डायनमोवाला

ॲम्प्लिफायरला एक बारीक वायर असते, टेप चालू केल्यावर तो जागा व्हावा म्हणून. ती वायर टेपला न जोडता थेट प्लसला जोडली असणार. मग तो कधी झोपतच नाही. ०.४ अँपिअर म्हणजे दिवसाला जवळजवळ दहा एएच. ८८ एएचची बॅटरी अशानं आठवड्यात अर्ध्याखाली जाते, आणि तुमची तर पुरती चार्जच होत नव्हती, म्हणून दोन-चार दिवसांत बसायची.

बघा, एकच दोष असता तर मेकॅनिकलाही सापडला असता. तीन एकावर एक बसले होते. अर्थिंग नाही म्हणून सेल्फ जड. एलईडीमुळं चार्जिंग नाही. ॲम्प्लिफायरमुळं गळती. बॅटरी बदलली की थोडे दिवस सगळं झाकलं जायचं. जुन्या ट्रॅक्टरला हे नेहमीचं आहे, प्रत्येक मालकानं आपापली एक वायर जोडलेली असते. जी वायर कुठून कुठं जाते ते कळत नाही, ती काढून टाकायची हिंमत ठेवा, फक्त आधी मीटर लावून.

ऊसवाहक

काका, टेपचा विषय निघाला म्हणून विचारतो. आमच्याकडे हंगामात टेप लावल्याशिवाय ड्रायव्हर ट्रॅक्टरवर बसत नाही. वर चार फोकस. किती लोड चालतो?

तीन_फेज

हिशेब सोपा आहे. डायनमोवर अँपिअर लिहिलेले असतात, बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांना ३५-३६ च्या आसपास. तेही पूर्ण रेसला. आयडलला त्याच्या निम्मे धरा. ५५ वॅटचा एक हॅलोजन साडेचार अँपिअर घेतो. पुढचे दोन आणि वरचे चार मिळून सत्तावीस झाले. त्यावर मागच्या लाईट आणि मोठा ॲम्प्लिफायर घातला की डायनमो पुरत नाही, उरलेलं बॅटरीतून जातं. कारखान्याच्या रांगेत रात्रभर आयडलवर सगळं चालू ठेवलं तर पहाटे सेल्फ लागणार नाही, त्यात दोष कुणाचाच नाही. वरचे फोकस एलईडीचे करा, तिथं एलईडीच योग्य. आणि टेप बॅटरीवरून घ्यायचाच तर बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज पाहिजे. फ्यूज सीटखाली असेल तर बॅटरीपासून सीटपर्यंतची वायर फ्यूजशिवायच राहते.

पन्नास एचपीच्या वरचे नवे ट्रॅक्टर, जे १ जानेवारी २०२३ पासूनच्या नियमांनुसार आलेत, त्यांच्यात इंजिनचा कॉम्प्युटर असतो. त्यांच्या वायरिंगला घरी हात लावू नका, आणि त्या ट्रॅक्टरवर वेल्डिंग करायच्या आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा, कंपनीच्या पुस्तकात अजून काही काढायला सांगितलं असेल तर तेही. वेल्डिंगचा करंट कॉम्प्युटरमधून गेला तर दुरुस्ती परवडणार नाही.

शेतकरीण

काका, आमच्या ट्रॉलीच्या मागच्या लाईटचं पण सांगा ना. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, खड्ड्यातून गेली की सगळ्याच विझतात.

डायनमोवाला

ताई, ट्रॉलीच्या लाईटला बहुतेक ठिकाणी वेगळी अर्थ वायरच नसते. मायनस येतं ते हुकाच्या पिनेतून. पिनेला ग्रीस, माती, गंज. खड्ड्यात पिन उचलली की अर्थिंग सुटली.

सात पिनांचा सॉकेट आहे ना, त्यातली एक पिन अर्थसाठीच असते. पांढरी वायर सहसा अर्थची, पण जुन्या ट्रॉलीत रंगावर विसंबू नका, मीटरनं बघा. ट्रॅक्टरच्या बाजूला ती पिन थेट इंजिनच्या बोल्टला आणा, ट्रॉलीच्या बाजूला प्रत्येक लाईटच्या होल्डरपर्यंत अर्थची वायर न्या, साशाला (ट्रॉलीच्या सांगाड्याला) स्क्रू मारून सोडू नका. सॉकेटच्या पिना पावसाळ्याआधी साफ करून व्हॅसलीन लावा, झाकणाचं स्प्रिंग तुटलं असेल तर सॉकेटच बदला. ट्रॉलीच्या लाईनला वेगळा दहा अँपिअरचा फ्यूज द्या, म्हणजे ट्रॉलीत शॉर्ट झाला तरी ट्रॅक्टरच्या पुढच्या लाईट चालू राहतील. आणि लाईट झाल्या तरी मागचे लाल रिफ्लेक्टर काढू नका. रात्री बंद पडलेली ट्रॉली मागून येणाऱ्याला त्यांच्यावरूनच दिसते.

बांधकरी

हे मीही करतो, आमच्या ट्रॉलीला पण पिनेचीच अर्थिंग आहे. काका, केबल उरलीय थोडी, पस्तीस स्क्वेअर एमएमची. सॉकेटच्या अर्थला तीच वापरू का?

डायनमोवाला

नको, ती पिनेत बसणारच नाही. सॉकेटला अडीच स्क्वेअर एमएमची वायर पुरते. उरलेल्या केबलचा तुकडा बॅटरीच्या पेटीत ठेवू नका, प्लसवर पडेल. घरी नेऊन ठेवा.